पेन ड्राइव्ह घातला, आता पुढं काय?

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून या सदराकडं लिनक्सचेच (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम) प्रश्न यायला लागलेत. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागतेय, इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतोय, म्हणजे 2017 च्या आधीचा धडधाकट चालणारा लॅपटॉप एका फटक्यात बाद. बाद कशाला करायचा म्हणून लोक लिनक्सच्या मिंट नाहीतर उबुंटू या आवृत्त्या टाकायला लागलेत, हे बेस्टच आहे. फक्त एक करा राव, पत्रात नुसतं "चालत नाही" लिहू नका. स्क्रीनवर काय अक्षरं आली, लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर मॉडेल नंबर काय आहे, कुठलं व्हर्जन टाकलंय, एवढं लिहिलं तर उत्तर द्यायला बरं पडतं. आणि कमांड इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापतोय, टाइप करताना सगळं इंग्रजी लहान अक्षरात करायचं.

प्रश्न: दादा, माझा पाचव्या पिढीचा आय-थ्री लॅपटॉप आहे, 4 जीबी रॅम. मिंट 22 टाकलं, सगळं भारी दिसतंय पण वायफायचं चिन्हच नाही. पेन ड्राइव्हवरून चालवून बघितलं तेव्हाही नव्हतं, पण वाटलं इन्स्टॉल केल्यावर येईल. आता नेट नाही म्हणून ड्रायव्हर डाउनलोड करता येत नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. परत विंडोज टाकू काय?
*— बी.कॉम.चा विद्यार्थी, राजारामपुरी*

उत्तर: टाकू नकोस भावा, थांब जरा. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवायची सोय असते ती ह्याचसाठी असते, वायफाय, आवाज, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं सगळं तिथंच बघून घ्यायचं. लाइव्हमध्ये जे दिसत नाही ते इन्स्टॉल केल्यावर आपोआप येत नाही. असो, आता टाकलंयस तर पुढचं बघू.

पहिल्यांदा नेटची सोय. तुझ्या खिशातला अँड्रॉइड फोन आहे ना, त्याची चार्जिंगची केबल लॅपटॉपला लाव आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्याच पानावर यूएसबी टेदरिंग म्हणून असतं ते चालू कर. लिनक्सला फोन म्हणजे साधं वायरचं नेटवर्क वाटतं, कुठलाही ड्रायव्हर न मागता नेट सुरू होतं. केबल मात्र डेटावाली पाहिजे, काही स्वस्तातल्या केबल नुसतं चार्जिंग करतात आणि टेदरिंगचा पर्याय फिकट दिसतो, तसं झालं तर घरातली दुसरी केबल लावून बघ. आणि अपडेट मॅनेजर लगेच "एवढे अपडेट आलेत" म्हणून मागं लागेल, त्याला आत्ता हात लावू नकोस, दिवसाचा सगळा डेटा त्यातच जाईल.

आता टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघड आणि एलएसपीसीआय एवढंच टाइप करून एंटर मार. लांबलचक यादी येईल, त्यात नेटवर्क कंट्रोलर लिहिलेली ओळ शोध. तुझ्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपात तिथं ब्रॉडकॉम बीसीएम 43142 दिसतं आणि तसं दिसलं तर तुझा प्रश्न सुटला म्हणून समज. ह्या चिपचा ड्रायव्हर कंपनीचा बंद स्वरूपाचा आहे, लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, तो येत नाही, वेगळा घालावा लागतो. मेनूत ड्रायव्हर मॅनेजर उघड, तो शोधाशोध करून ब्रॉडकॉमचं नाव दाखवेल, निवड, अप्लाय कर, पासवर्ड दे, रिस्टार्ट कर.

एक गोष्ट लक्षात ठेव, नाहीतर तीन महिन्यांनी परत पत्र पाठवशील. हा ड्रायव्हर तुझ्या मशीनवरच, तुझ्या कर्नलसाठी तयार होतो, आणि कर्नल अपडेट झाला की नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार व्हावा लागतो. ते काम आपोआप होतं, पण त्याला कर्नलच्या हेडर फाइली लागतात, त्या नसल्या की अपडेटनंतर एके दिवशी सकाळी वायफाय गायब. तसं झालं तर सुरू होताना शिफ्ट नाहीतर एस्केप दाबून ग्रबच्या (कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या) मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडायचा, वायफाय परत दिसेल, मग निवांत बसून दुरुस्त कर.

चिप ब्रॉडकॉमची नसून इंटेल नाहीतर रिअलटेक असेल आणि तरी वायफाय नसेल, तर आरएफकिल लिस्ट ही कमांड दे. त्यात सॉफ्ट ब्लॉक्डपुढं यस असेल तर आरएफकिल अनब्लॉक ऑल म्हटलं की सुटतं. हार्ड ब्लॉक्डपुढं यस असेल तर लॅपटॉपच्या कडेला एखादं छोटं स्विच नाहीतर विमानाचं चित्र असलेलं बटण आहे, ते कुणीतरी दाबून ठेवलंय, त्याला सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

प्रश्न: टर्मिनलमध्ये सुडो लिहून कमांड दिली की पासवर्ड मागतो, पण कीबोर्ड चालतच नाही. एकही अक्षर उमटत नाही, ठिपकेसुद्धा येत नाहीत. बाकी सगळीकडं कीबोर्ड चालतोय. बिघडलाय काय?
*— गृहिणी, जरगनगर*

उत्तर: ताई, कीबोर्डला काही झालेलं नाही. तिथं पासवर्ड मुद्दामच दाखवत नाहीत, किती अक्षरं आहेत तेसुद्धा मागं उभ्या असलेल्या माणसाला कळू नये म्हणून. न बघता टाइप करा आणि एंटर मारा. कॅप्स लॉक तेवढा बघा, आणि मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर आधी इंग्रजीवर या.

प्रश्न: नमस्कार. आमचं छोटं मशीन शॉप आहे. सीएनसीला प्रोग्राम पाठवायला एक जुना पीसी होता, विंडोज बंद पडलं म्हणून पोरानं मिंट 21 घातलं. यूएसबी टू सिरियल केबल लावतोय. केबल घातली की क्षणभर पोर्ट दिसतोय आणि लगेच गायब होतोय. केबल बदलून बघितली, तेच. मशीन उभं आहे, काय करावं?
*— शिवाजी उद्यमनगर*

उत्तर: साहेब, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण काय बघितलं ते तुम्ही नीट लिहिलंय, "दिसतोय आणि गायब होतोय" ह्या चार शब्दांतच निदान आहे.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त केबलींत सीएच 340 नावाची चिप असते. लिनक्सला ती चांगली माहीत आहे, ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, वेगळं काही घालायला नको. पण उबुंटू 22.04 आणि त्याच्यावर बेतलेल्या मिंट 21 मध्ये बीआरएलटीटीवाय म्हणून एक प्रोग्राम असतो, अंध माणसांचा ब्रेल डिस्प्ले चालवणारा. एका ब्रेल यंत्राचा यूएसबी आयडी आणि ह्या चिपचा आयडी एकच आहे. म्हणून केबल घातली की तो प्रोग्राम "आला माझा डिस्प्ले" म्हणून पोर्ट ताब्यात घेतो आणि तुमच्या हातातनं पोर्ट जातो. दुसरी केबल घेतलीत तीही त्याच चिपची निघाली असणार, मग तेच होणार.

खात्री करायची तर केबल घालून लगेच सुडो डीमेसेज ही कमांड द्या, स्पेलिंग डी एम ई एस जी. शेवटच्या ओळींत सीएच 341 कन्व्हर्टर जोडला गेल्याचं दिसेल, त्याच्याखाली बीआरएलटीटीवायचं नाव आणि डिसकनेक्टेड असं दिसेल. तसं असेल आणि त्या पीसीवर ब्रेल डिस्प्ले कुणी वापरत नसेल, तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ते पॅकेज काढून टाका. केबल काढून परत घाला, पोर्ट टिकेल. त्याचं नाव टीटीवाययूएसबी0 असं असतं, त्यातलं यूएसबी तेवढं मोठ्या अक्षरात, शेवटी शून्य.

इथंच थांबू नका कारण पुढच्याच पायरीला परमिशन डिनाइड येणार आहे. सिरियल पोर्टला हात लावायचा हक्क डायलआउट नावाच्या ग्रुपमधल्या युजरलाच असतो (टेलिफोनच्या मोडेमच्या जमान्यातलं नाव आहे, अजून चालतंय). मेनूत युजर्स अँड ग्रुप्स उघडा, तुमच्या नावावर क्लिक करून ग्रुप्समध्ये डायलआउटवर टिक करा, आणि मग लॉगआउट करून परत लॉगिन व्हा. लॉगआउट न करता "टिक केली तरी होत नाही" म्हणणारी मंडळी लई आहेत. पोर्टवर सगळ्यांना हक्क देऊन टाकायची एक कमांडही कुणीतरी सांगेल, ती वापरू नका, केबल काढून घातली की सगळं पहिल्यासारखं होतं.

प्रोग्राम पाठवायला क्यूटकॉम हे छोटं सॉफ्टवेअर पुरतं. बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट हे चारी आकडे मशीनच्या पॅरामीटरमध्ये आहेत तेच इकडं घाला, फानुक कंट्रोलरला बऱ्याचदा 7 डेटा बिट आणि इव्हन पॅरिटी असते आणि पीसीवर आपोआप 8 आणि नन येतं, मग मशीनवर अलार्म येतो नाहीतर भलतीच अक्षरं उमटतात. फ्लो कंट्रोल सॉफ्टवेअरचा ठेवा, फाइलीच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्केवारीचं चिन्ह आहे का बघा. पहिला प्रोग्राम मशीनवर आल्यावर स्क्रीनवरची प्रत्येक ओळ मूळ फाइलीशी ताडून बघा आणि ड्राय रन घ्या, एखादा दशांश बिंदू वाटेत गळाला तर टूल कुठं जाऊन बसेल ते तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न: महाद्वार रोडच्या एका गल्लीत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. तीन अडचणी आहेत. एक, जुना एचपी लेझरजेट 1020 प्रिंटर कॉम्प्युटरला दिसतो, प्रिंट दिली की "कम्प्लीटेड" लिहून येतं आणि कागद काही बाहेर येत नाही. दोन, गिऱ्हाइकाचे अर्ज वर्डमध्ये मंगल फाँटमध्ये येतात ते इथं उघडले की एका पानाचं दीड पान होतं. तीन, माझ्या जुन्या लग्नपत्रिका उघडल्या की मराठीच्या जागी नुसतं एबीसीडीचं कडबोळं दिसतंय. लिनक्समध्ये मराठी चालतच नाही काय?

उत्तर: चालतंय, आणि झकास चालतंय, पण तिन्ही अडचणींची मुळं वेगवेगळी आहेत.

प्रिंटरचं आधी. लेझरजेट 1020 मध्ये स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम, साठवलेलं राहत नाही. प्रत्येक वेळी चालू केला की कॉम्प्युटरनं त्याच्यात ते भरावं लागतं, विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करत होता म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही. लिनक्समध्ये एचपीलिप नावाचं सॉफ्टवेअर हे काम करतं, पण त्याला एक जादा प्लगइन लागतं. ते एचपीच्या मालकीचं असल्यामुळं आधीपासून घातलेलं नसतं. टर्मिनलमध्ये एचपी-प्लगइन, मधे आडवी रेघ, एवढी कमांड द्या, नेट चालू ठेवा, लायसन्सला हो म्हणा. मग प्रिंटर बंद करून चालू करा. दुकानातला कॉम्प्युटर अपडेट झाल्यावर कधीतरी एचपीलिपचं व्हर्जन पुढं जाईल आणि प्लगइन मागं राहील, दोन्हीचं व्हर्जन एकच लागतं, तेव्हा प्रिंट परत थांबली तर घाबरू नका, तीच कमांड पुन्हा द्या.

झेरॉक्सच्या दुकानात हमखास सापडणारा दुसरा प्रिंटर म्हणजे कॅननचा एलबीपी 2900. तो कॅप्ट नावाच्या कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो, त्याचा लिनक्स ड्रायव्हर आहे पण बसवायला किचकट आणि नव्या सिस्टिमवर रुसतो. तुमच्याकडं तोही असेल तर सरळ सांगतो, धंद्याच्या वेळेत त्याच्याशी कुस्ती खेळू नका, त्याच्यापुरता एक विंडोजचा पीसी राहू दे. पुढचा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट लिहिलंय का तेवढं बघा, तसले प्रिंटर लिनक्सला ड्रायव्हरशिवाय चालतात.

मंगलचं कारण साधं आहे. मंगल हा मायक्रोसॉफ्टचा फाँट, तो लिनक्सबरोबर येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडं सारख्या चालणाऱ्या अक्षरांच्या कोडमध्ये) असल्यामुळं अक्षरं बरोबर दिसतात, पण लिबरऑफिस त्या जागी लोहित नाहीतर नोटो सॅन्स देवनागरी वापरतं, त्यांची रुंदी-उंची वेगळी, म्हणून ओळी तुटतात आणि शेवटच्या चार ओळी, बहुतेक वेळा "आपला विश्वासू" आणि सहीची जागा, दुसऱ्या पानावर जातात. गिऱ्हाइकाला नुसती प्रिंटच पाहिजे असेल तर त्याला पीडीएफ पाठवायला सांगा, प्रश्नच मिटला. अर्ज तुम्हीच तयार करत असाल तर मुक्ता किंवा नोटो असला मोफत फाँट धरा, दोन्हीकडं सारखा बसतो.

पत्रिकांचं दुखणं जुनं आहे आणि त्यात लिनक्सचा काही दोष नाही. श्रीलिपीच्या किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये केलेल्या जुन्या फाइलींत खरं मराठी नसतंच, आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि त्यांना मराठी चेहरा तो फाँट देतो. फाँट नाही तर चेहरा नाही. तुम्ही विकत घेतलेला फाँट लायसन्सप्रमाणे इथं घालता येत असेल तर घाला, फाँटच्या फाइलीवर डबल क्लिक करून इन्स्टॉल म्हटलं की झालं. नाहीतर मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, जोडाक्षरं आणि रफार मात्र नंतर डोळ्यांनी तपासा, नवऱ्या मुलाचं नाव चुकलं तर अख्खी पत्रिका फुकट छापून द्यावी लागेल. कोरलड्रॉच्या फाइली इंकस्केपमध्ये उघडतात पण जशाच्या तशा उघडतील याची खात्री धरू नका. रोजचा धंदा कोरलवर असेल तर तो पीसी बदलू नका असंच मी म्हणेन.

टाइपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट्समध्ये जाऊन इंडियाखालचा मराठी निवडा, तो इनस्क्रिप्टच आहे, परीक्षेसाठी इनस्क्रिप्ट शिकलेल्या पोरींना दुसऱ्या मिनिटाला हात बसतो. इंग्रजी स्पेलिंगनं टाइप करायची सवय असेल तर आयबस आणि त्याचं एम17एन पॅकेज घाला. आणि "दऱ्या" लिहायला गेलं की "दर्या" होतं अशी तक्रार येतेच, म्हणून आत्ताच सांगतो, इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ. साध्या जेनं रफार होतो.

प्रश्न: मी लॅपटॉपवर विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवलंय. मिंट वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागं असतंय. आणि मिंटमधून डी ड्राइव्हवर काही सेव्ह करायला गेलं की रीड ओन्ली म्हणून नकार. ड्राइव्ह गेला काय?
*— नोकरदार, कसबा बावडा*

उत्तर: ड्राइव्ह ठणठणीत आहे.

घड्याळाची गंमत अशी. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, लॅपटॉप बंद असतानाही चालणारं. विंडोज त्यात भारताची वेळ लिहितं, लिनक्स त्यात ग्रीनिचची वेळ लिहितं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. दोघं एकाच वहीत आपापल्या पद्धतीनं लिहितात, म्हणून मिंटनं लिहिलेलं विंडोजनं वाचलं की नेमके साडेपाच तास कमी. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल, मग जागा सोडून सेट-लोकल-आरटीसी, मग जागा सोडून 1 अशी कमांड द्या, म्हणजे मिंटही भारताचीच वेळ लिहायला लागेल. कमांड दिल्यावर ते एक लांब इंग्रजी ताकीद दाखवेल, ती उन्हाळ्यात घड्याळ पुढं-मागं करणाऱ्या देशांची काळजी आहे, आपल्याकडं तसलं काही नाही.

डी ड्राइव्हचं कारण विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप. शटडाउन म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि ड्राइव्ह आपल्या ताब्यात ठेवून झोपतं, म्हणून मिंट म्हणतं मी फक्त वाचीन, लिहिणार नाही. बरोबरच करतंय ते, जबरदस्तीनं लिहिलं तर फाइली खराब होतील. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणं काय करतात ते ठरवायचं पान आहे, तिथली फास्ट स्टार्टअपची टिक काढा. आत्ता घाईत असाल तर विंडोजमधून शटडाउनऐवजी रिस्टार्ट करून मिंटमध्ये या, रिस्टार्टला विंडोज खरंच पूर्ण बंद होतं.

जाता जाता, विंडोजच्या ड्राइव्हला बिटलॉकरचं कुलूप लावलेलं असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवल्याशिवाय बायोसमधल्या (मदरबोर्डच्या स्वतःच्या) सेटिंगला हात लावू नका.

प्रश्न: एनव्हिडिया 1650 चा गेमिंग लॅपटॉप. पेन ड्राइव्हवरून चालू केलं की काळा स्क्रीन. कंपॅटिबिलिटी मोडमधून कसंबसं इन्स्टॉल केलं, ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाकला, रिस्टार्टला एक निळा स्क्रीन आला, काहीतरी भानगड वाटली म्हणून कंटिन्यू केलं. आता ड्रायव्हर आहे म्हणतंय पण चालत नाही.
*— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, हॉस्टेलमधून*

उत्तर: मित्रा, तो निळा स्क्रीनच महत्त्वाचा होता. सिक्युअर बूट चालू असलं की लॅपटॉप फक्त ओळखीच्या सहीचे ड्रायव्हर आत घेतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर तुझ्या मशीनवर तयार होतो, त्याच्यावर तुझ्याच मशीनची सही असते आणि ती सही खरी आहे हे कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं. म्हणून ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला लावतात आणि रिस्टार्टला तो निळा स्क्रीन येतो. तिथं एनरोल एमओके, कंटिन्यू, यस, मग तोच पासवर्ड, मग रिबूट. दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबलं नाहीस तरी तो निघून जातो.

ड्रायव्हर काढून परत टाक, पासवर्ड पुन्हा विचारेल, या वेळी सोपासा ठेव कारण तो एकदाच लागतो. हे नकोच असेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद केलं तरी काम होतं, फक्त विंडोज सोबत असेल आणि काही गेमना ते चालूच लागत असेल तर पंचाईत. व्हॅलोरंट मिंटमध्ये चालणार नाही, त्याची अँटिचीट फक्त विंडोजवर चालते, त्यात वेळ घालवू नकोस. स्टीमवरचे बरेच गेम प्रोटॉन या विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीमुळं चालतात.

प्रश्न: आमचं धान्याचं दुकान आहे, टॅलीवर हिशेब आहे. भाचा म्हणतोय लिनक्स टाकू, व्हायरस येत नाही. टाकू का?
*— लक्ष्मीपुरी*

उत्तर: नको. टॅली विंडोजवरचं आहे, लिनक्समध्ये जुगाड करून चालवता येतं पण मार्चअखेरीला ते रुसलं तर भाचा हजर असेल याची काय खात्री? हिशेबाचा पीसी आहे तसा ठेवा, टॅलीचा बॅकअप रोज पेन ड्राइव्हवर घ्या आणि पेन ड्राइव्ह घरी न्या. भाच्याची हौस घरच्या जुन्या लॅपटॉपवर भागवू दे.

प्रश्न: 2021 च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी आलं, सीपीयू माळ्यावर ठेवला होता म्हणून वाचला. तेव्हापासून तसाच पडून होता. आता मिंट टाकलं तर मधेच गोठतो, माऊससुद्धा हलत नाही. शिवाय कुठलीही वेबसाइट उघडली की कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो. मिंट खराब आहे का?
*— निवृत्त शिक्षक, शिरोळ*

उत्तर: सर, मिंटवर आळ घेऊ नका. दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्ही हार्डवेअरचे.

वेबसाइटचं आधी, ते सोपं. खाली कोपऱ्यात तारीख बघा. 2009 नाहीतर असलंच कुठलंतरी जुनं साल दिसत असेल. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते, तुमचा कॉम्प्युटर 2009 मध्ये बसलाय म्हटल्यावर त्याला आजची सगळी प्रमाणपत्रं खोटी वाटतात. मदरबोर्डवर रुपयाएवढी गोल बॅटरी असते, सीआर 2032, घड्याळवाल्याकडंही मिळते. वायर काढून, बॅटरी बदलून, बायोसमध्ये तारीख घाला.

गोठण्याला पहिला संशय रॅमवर. पुराचं पाणी सीपीयूत गेलं नाही तरी ओल आली असणार, आणि इतकी वर्षं पडून राहिल्यावर रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढतो. वायर काढा, एखाद्या उघड्या धातूला हात लावा, रॅमच्या पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, चुरा झटका आणि टक असा आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून चालवून बघा, कुठली लावल्यावर गोठतो ते कळेल. मेमटेस्ट86 प्लस पेन ड्राइव्हवर घालून रात्रभर चालू ठेवलं तर आणखी पक्कं, लाल ओळी आल्या की ती रॅम बाद.

रॅम चांगली निघाली तर डिस्क्स हे ॲप उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांत स्मार्ट डेटा बघा. रीॲलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरच्या ओळींत शून्याऐवजी आकडे असतील आणि वाढत असतील तर हार्ड डिस्क जायच्या वाटेवर आहे, शाळेचे फोटो वगैरे आजच दुसरीकडं काढा. मग एसएसडी घाला, त्या वयाच्या मशीनवर खर्च करायचाच तर एसएसडीवरच करा, फरक लगेच जाणवतो.

प्रश्न: मिंटचा पेन ड्राइव्ह लावला की 64 बिटचा कर्नल चालणार नाही असं काहीतरी येतंय. छोटा नेटबुक आहे, ॲटम एन270.
*— कागल*

उत्तर: ॲटम एन270 हा 32 बिटचाच प्रोसेसर आहे. मिंटनं 2020 मध्ये 20 व्या व्हर्जनपासून मुख्य आवृत्तीत 32 बिट सोडलं, उबुंटूनंही सोडलं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्येही 32 बिटचा इन्स्टॉलर नाही. अँटिएक्सची 32 बिटची आवृत्ती घेऊन बघा, 1 जीबी रॅमवर पण उभी राहते. लिहायला, हिशेबाची वही करायला, जुनी गाणी ऐकायला मशीन चालेल. यूट्यूबचं नाव काढू नका.